पिंजऱ्यातली बाई आणि आपले साहित्य

मराठी साहित्यात मार खाणारी बाई आहे. चुलीपुढे पदराने डोळे पुसणारी, माहेरच्या वाटेकडे टक लावून बसणारी, शेवटी विहिरीचा काठ जवळ करणारी अशी ती ओव्यांतून, कथांतून, नाटक-सिनेमांतून आपल्याला शेकडो वेळा भेटली आहे. मराठी साहित्यात गुन्हेगार बाईही आहे. ती विष घालते, मूल टाकते, सवतीचा काटा काढते. तिला लेखक कधी शिक्षा देतो, कधी माफ करतो. पण या दोन बायका एकच असू शकतात, पहिलीच पुढे दुसरी होते, हे मात्र आपल्या फार थोड्या लेखनाला उमगले आहे. आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे. आणि तो केवळ साहित्याचा नाही. ज्या समाजाच्या कथेत या दोन बायका वेगळ्या राहतात, त्या समाजाच्या सरकारी कचेरीतही त्यांच्यासाठी दोन वेगळ्या खिडक्या असतात. एका खिडकीवर 'पीडित' अशी पाटी असते, दुसरीवर 'आरोपी'. दोन्ही असलेल्या बाईने कुठल्या रांगेत उभे राहायचे, हे तिला कोणी सांगत नाही.

हा लेख आम्ही कोयनानगरात बसून लिहीत आहोत. समोर शिवसागराचे पाणी आहे, मागे हेळवाकची चढण, पलीकडे कुंभार्ली घाट. धरणाच्या कामासाठी देशभरातून माणसे इथे आली, त्यांच्या वसाहती उठल्या; आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली ती माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी पांगली. अशा जागी साहित्याची चर्चा करणे पुण्या-मुंबईच्या मंडळींना नवलाचे वाटेल. पण आम्हांला ज्या बाईविषयी लिहायचे आहे ती आम्हांला पुस्तकात भेटली नाही, याच वसाहतीत भेटली.

एक कबुली

आमच्या लहानपणी शेजारच्या चाळीत एक चाची राहत. त्यांचे नाव इथे देत नाही. नवरा रोजंदारीवर होता. पगाराच्या संध्याकाळी त्यांच्या घरातून जे आवाज येत ते सगळ्या चाळीला पाठ होते. आवाज वाढले की आमच्या घरात रेडिओ मोठा होई. "घर की बात हय, घर में रहने देव," असे मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणत. असे वर्षानुवर्षे चालले. एका रात्री चाचींनी मसाला कुटायचा बत्ता उचलला. नवरा मेला नाही, पण महिनाभर इस्पितळात पडून राहिला. चाचींना पोलीस घेऊन गेले. गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा.

जामीन मंजूर झाला, पण चाची सुटल्या नाहीत. जामीनदार हवा होता आणि जामीनदाराकडे सातबारा हवा होता. चाचींच्या नावावर काय असणार? सासरचे उभे राहणे शक्य नव्हते. त्यांचा भाऊ आमच्या दारी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "साब, सातबारा लगता हय. तुमारे गाँव में जमीन हय ना?" आमच्या घरात सातबारा होता. आम्ही जामीन राहिलो नाही. घरात बहिणीची सोयरीक चालली होती, हे कारण. चाची आणखी पाच महिने आत राहिल्या, एवढेच आम्हांला माहीत आहे.

याहून मोठी चूक पुढची. काही वर्षांनी आम्ही लिहू लागलो तेव्हा चाचींवर एक कथा लिहिली आणि ती एका दिवाळी अंकात छापून आली. त्या कथेत बत्ता नव्हता. पोलीस नव्हते, जामीन नव्हता. कथेतली चाची मार सहन करते आणि एके दिवशी कोयनेच्या पाण्यात उडी टाकते. कथेची तारीफ झाली. वाचकांची पत्रे आली, डोळे पाणावले असे लोकांनी लिहिले. खरी चाची तेव्हा जिवंत होती. आम्ही तिला कथेत मारले, कारण मेलेल्या बाईची दया करणे सोपे असते. जिवंत आरोपी बाईला मात्र जामीनदार लागतो.

म्हणून या लेखात इतरांच्या कलाकृतींना जो सवाल आम्ही विचारणार आहोत, तो आधी स्वतःला विचारून झाला आहे.

ताराबाईंनी पाहिलेली आरोपी

मराठीतली स्त्रीवादी लेखनाची सुरुवातच एका आरोपी बाईपासून होते, हे आपण विसरून गेलो आहोत. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती जन्मठेपेवर आणि मग पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर झोड उठली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली आणि १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापून निघाले.

ताराबाईंनी काय केले हे समीक्षकाने नीट पाहावे. त्यांनी विजयालक्ष्मी निर्दोष आहे असे सिद्ध करण्याचा खटाटोप केला नाही, तिला देवीही बनवली नाही. त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून विचारले की इथे एकटीच का उभी आहे? जी रूढी तिचा पुनर्विवाह होऊ देत नाही ती कुठे आहे? ज्याच्यापासून मूल झाले तो कुठे आहे? गुन्हा बाईचा, पण गुन्ह्याची पूर्वतयारी सगळ्या घरादाराची, अशी ही मांडणी आहे. या पुस्तकाचे पुढे काय झाले? जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, आणि त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ नव्वद वर्षे धुळीत पडले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. आरोपी बाईची बाजू घेणारे पुस्तकही आरोपी ठरते ते असे.

ताराबाईंच्या आधी वीस वर्षे पुण्यात याच प्रश्नाला एक कृतीचे उत्तर मिळाले होते. काशीबाई नावाची एक विधवा स्वयंपाकीण म्हणून काम करीत होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, तिने बदनामीच्या भीतीने मूल मारून विहिरीत टाकले आणि तिला जन्मठेप होऊन ती अंदमानात गेली. या प्रकरणाने हादरून जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८४ साली जोतीरावांनी लिहिलेल्या निवेदनात ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्याचे नमूद आहे. सावित्रीबाई आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, फुल्यांचे मूळ गाव कटगुण हेही याच जिल्ह्यातले. तेव्हा हा वारसा कोयनेच्या माणसाला परका नाही.

हे गृह म्हणजे आजच्या भाषेत 'सहाय्य सेवा'. तिचे वेगळेपण कशात होते? तिथे येणाऱ्या बाईला आधी तुझी वागणूक कशी, हे विचारले जात नव्हते. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या अथवा ठेवून जा. बाई निर्मळ आहे की नाही याचा दाखला मागितला नाही, म्हणूनच बायका तिथे आल्या. आणि एका बाईला अंदमानात पाठवल्यावर व्यवस्थेने जे केले नाही ते या दोघांनी केले: पुढच्या बाईवर ही पाळी येऊ नये याची सोय. आजच्या कुठल्याही योजनेला आपण हीच फूटपट्टी लावावी असे आम्हांला वाटते.

रिकामी खुर्ची आणि बंद फाटक

ताराबाईंचा प्रश्न मराठी रंगभूमीवर परत आला तो विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधून. बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा खोटा-खोटा खटला गमतीत सुरू होतो आणि बघता बघता तो खरा होतो. साक्षीला सगळे आहेत. ज्याच्या साक्षीची गरज आहे ते प्रोफेसर दामले मात्र आलेले नाहीत. ही रिकामी खुर्ची मराठी नाटकातली फार मोठी गोष्ट आहे. खटला भरण्याची भाषा, साक्षीदारांचा सोज्वळ आव, न्यायाधीशाची टिंगल, सारे तेंडुलकरांनी निर्दयपणे टिपले आहे.

पण इथे आमची एक तक्रार आहे. बेणारेबाई शेवटी जे बोलतात ते प्रेक्षक ऐकतो, कोर्ट ऐकत नाही. नाटकाची रचनाच तशी आहे. त्यात कोर्टाचा ढोंगीपणा उघडा पडतो हे खरे. पण प्रेक्षक घरी जातो तो एका कोसळलेल्या बाईचे चित्र घेऊन. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली का, नोकरी राहिली का, मूल झाले का, भाड्याची खोली कोणी दिली का, हे विचारण्याची गरज आपल्याला वाटत नाही. पडदा पडला की आपली जबाबदारीही संपते. आपल्या साहित्याची ही जुनी सवय आहे: बाईच्या कोसळण्यापर्यंत सोबत करायची आणि तिला उठून उभे राहायचे असते तेव्हा निघून जायचे.

हा उठून उभे राहण्याचा भाग हाताळणारी कलाकृती म्हणजे 'उंबरठा'. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९८२ साली हा चित्रपट केला. सुलभा महाजन वकिलांच्या सुखवस्तू घरातून बाहेर पडून संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षक होते. आधारगृह आतून कसे चालते, समितीच्या बैठकीत काय होते, राजकारण्याचा हात कुठवर पोचतो, हे मराठी पडद्यावर प्रथमच इतके स्वच्छ दिसले. तिथल्या बायका पळून का जातात, हा प्रश्न चित्रपट विचारतो, हे त्याचे मोठेपण आहे. ज्या घरातून सुटका हवी होती त्या घरासारखेच हेही घर असते: फाटकाला कुलूप, वर हिशेबाची वही, आणि उठता-बसता उपकाराची आठवण. आधार आणि कोठडी यांतली भिंत किती पातळ असते हे इथे कळते.

तरीही 'उंबरठा' अखेर सुलभाचाच चित्रपट राहतो. ती राजीनामा देते, घरी येते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे ऐकते आणि उंबरठा ओलांडून निघून जाते. तिच्याकडे पदवी आहे, अनुभव आहे, पुढच्या गावात दुसरी नोकरी आहे. आश्रमातल्या बाईकडे काय आहे? तिच्यासाठी उंबरठा एक नाही. सासरचा, माहेरचा, पोलीस ठाण्याचा, कोर्टाचा, तुरुंगाचा आणि आश्रमाचा, असे सहा उंबरठे आहेत आणि त्यांतला एकही तिच्या मर्जीने ओलांडता येत नाही. सुलभाची कथा सांगून झाली. या बाईची अजून व्हायची आहे.

हिंदी सिनेमाने ती सांगण्याचा प्रयत्न केला होता. १९६३ च्या बिमल रॉय यांच्या 'बंदिनी'ची मूळ कादंबरी बंगाली, 'तामसी'. लेखक जरासंध हे स्वतः तुरुंग अधिकारी होते, म्हणून तुरुंगाचा तपशील अस्सल आहे. आपल्या नूतनने साकारलेली कल्याणी गुन्हा नाकारत नाही. त्या क्षणी ती किती छळली गेली होती हे दिसते, आणि तरी तिचा गुन्हा गुन्हाच राहतो. इतकी प्रौढ समज क्वचित दिसते. पण कल्याणीचे पुढचे आयुष्य ठरते ते दोन पुरुषांपैकी कोणाच्या मागे जायचे यावर. तुरुंगातून सुटलेल्या बाईला तिसरा रस्ताही असू शकतो, स्वतःच्या पायांचा, हे सिनेमाला सुचले नाही.

'अचानक' या शब्दाची समीक्षा

आता थोडे कायद्याच्या भाषेकडे वळू. साहित्याच्या समीक्षेत कायदा कशाला, असे कोणी म्हणेल. पण कायदाही एक कथाच सांगत असतो, आणि त्या कथेचा नायक कोण हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

नानावटी प्रकरण मराठी वाचकांना सांगायला नको. १९५९ साली नौदलाच्या अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकरावर मुंबईत गोळ्या झाडल्या. ज्युरीने त्याला निर्दोष म्हटले, हायकोर्टाने दोषी धरले, १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ते कायम केले आणि १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. या खटल्यावर मधुसूदन कालेलकरांनी 'अपराध मीच केला' हे नाटक लिहिले. हिंदीत एकामागून एक सिनेमे आले, त्यांतल्या गुलजारांच्या १९७३ च्या सिनेमाचे नावच 'अचानक'. संतापलेल्या नवऱ्याच्या त्या एका क्षणाला समजून घेण्यासाठी आपल्या समाजाने किती शाई खर्च केली पाहा.

कायद्याचा शब्दही तोच आहे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ झाला असेल तर खुनाचा गुन्हा सौम्य ठरतो. ही तरतूद जुन्या भारतीय दंड संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण बाईचा प्रक्षोभ 'अचानक' नसतो. ती समोरासमोर, ताकदीच्या बरोबरीने भिडू शकत नाही. ती दहा वर्षे गप्प राहते आणि नवरा झोपला की बत्ता उचलते. कायदा म्हणतो, झोपलेल्या माणसाने कसला प्रक्षोभ केला? हा तर थंड डोक्याने केलेला गुन्हा.

कोयनेच्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी इथली जमीन हादरली, घरे बसली, माणसे गेली. जगाला तो अचानक आलेला भूकंप वाटला. पण जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला तेव्हापासून छोटे धक्के बसत होते. पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत मुरणारे पाणी यांचा या भूकंपाशी संबंध आहे, हे शास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले आणि कोयना जगभरच्या अभ्यासाचा विषय झाली. शेवटचा धक्का एका क्षणाचा, पण त्याच्या मागे पाच वर्षांचा भार. भूगर्भशास्त्राला जे कळले ते न्यायशास्त्राने बाईच्या बाबतीत शिकायला फार वेळ लावला.

शिकायला सुरुवात झालीच नाही असे मात्र नाही. १९८९ साली मद्रास हायकोर्टाने एका प्रकरणात दीर्घकाळ साचत गेलेल्या प्रक्षोभाचा विचार केला. २०१३ साली गुवाहाटी हायकोर्टाने मंजू लाक्रा प्रकरणात, रोज मार खाणाऱ्या बाईच्या मनःस्थितीचा विचार करून खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणली. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया या पंजाबी बाईने १९८९ साली छळ करणाऱ्या नवऱ्याला पेटवले. तिला जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या तिथल्या आशियाई-आफ्रिकी बायकांच्या संघटनेने तिची बाजू लावून धरली आणि १९९२ साली ती सुटली. पुढे २००९ च्या कायद्याने तिथे भान सुटणे 'अचानक' असण्याची अटच काढून टाकली. एका बाईच्या मागे दहा बायका उभ्या राहिल्या म्हणून कायद्याचा एक शब्द गळाला. सहाय्य सेवा म्हणतात ती हीच.

हुस्नआरा, शीला बर्से आणि आपण

आपल्या देशात कच्च्या कैद्यांच्या हक्काचा सर्वांत गाजलेला खटला एका मुसलमान बाईच्या नावाने ओळखला जातो: हुस्नआरा खातून विरुद्ध बिहार राज्य, १९७९. वकिलीच्या प्रत्येक पुस्तकात हे नाव आहे. खटला न चालता वर्षानुवर्षे बिहारच्या तुरुंगांत पडलेली माणसे या निकालाने बाहेर आली. त्यांत अशाही बायका होत्या ज्यांच्यावर कसलाच आरोप नव्हता. ज्यांच्यावर अन्याय झाला किंवा ज्या साक्षीदार होत्या त्यांनाच 'संरक्षणासाठी' तुरुंगात ठेवले होते. पीडितेला कोठडीत ठेवून व्यवस्थेने तिला आधार दिला, असा तो मामला. हुस्नआराचे नाव कायद्याला माहीत आहे. आपल्या एकाही कवितेला, कथेला ते आमच्या पाहण्यात तरी माहीत नाही. आपण शहाबानोवर लिहिले, लिहायलाच हवे होते. घाटाखालच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६६ साली सात बायकांचा मोर्चा विधान भवनावर नेला, त्यातून आपल्या लेखनाला तलाकपीडित बाई दिसली. पण ती पोटगी मागते, म्हणून ती आपल्या कथेत बसते. बत्ता उचलणारी बसत नाही. बाहेरचे लोक आधीच आपल्या समाजाला गुन्हेगार ठरवायला टपलेले, त्यात आपणच अशी बाई कशी दाखवायची, ही भीती आम्हांला समजते. ती खोटी नाही. पण त्या भीतीची किंमत आपण चाचींकडून वसूल करतो.

महाराष्ट्राने या क्षेत्रात काही घडवलेलेही आहे. पत्रकार शीला बर्से १९८२ साली मुंबईच्या तुरुंगात १५ स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्सेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिले आणि १९८३ च्या निकालात बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, बाई पोलिसांचा पहारा आणि कायदेशीर मदतीची सोय यांचे आदेश निघाले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांत स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पुढे तो राज्यभर पसरला. १९९० पासून याच संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प तुरुंगातल्या बायकांसोबत काम करतो. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ पासून लागू झाला. त्यात संरक्षण अधिकारी आले. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

म्हणजे कागदावर पुष्कळ आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांत बायका सुमारे २३ हजार ७००. शंभरात चार. इतक्या थोड्या आहेत म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. आणि यांत सगळ्याच चाची नाहीत हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सुनेच्या छळात, हुंड्याच्या मृत्यूत आत आलेल्या सासवा-नणंदा आहेत. त्यांतल्या कित्येकींनी स्वतः सून असताना तेच भोगलेले असते. म्हणून त्यांचा गुन्हा पुसला जात नाही. पण घरातली हिंसा एका बाईवर थांबत नाही, ती दुसऱ्या बाईच्या हाती हत्यार देते, एवढे तरी त्यातून दिसते.

काय हवे आहे

कोयनानगरची बाई आरोपी झाली तर तिचा प्रवास कसा होतो? पाटणचे कोर्ट, मोठ्या खटल्याला कराड, आणि बायकांचे मोठे कारागृह थेट पुण्यात येरवड्याला. एसटीत २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट झाले, त्यामुळे भेटायला जाणाऱ्या आईला थोडा दिलासा. पण एक दिवसाची मजुरी बुडतेच. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ आत राहू शकते. सातव्या वर्षी ते कुणाकडे? ज्या सासरने मारले त्याच सासरकडे?

आमच्या मते गरज मोठ्या योजनेची कमी आणि पुढच्या काही साध्या गोष्टींची जास्त आहे.

अटक झाली त्या दिवशीच बाईला कोणी तरी विचारावे: तुला घरात मारहाण होत होती का? वैद्यकीय तपासणीत तिच्या अंगावरचे जुने व्रणही कागदावर यावेत. ते त्या दिवशी लिहिले गेले नाहीत तर खटल्यात कधीच येत नाहीत.

तिचा जबाब तिच्या बोलीत ऐकला जावा. आमच्या घरांत दखनी बोलतात, मराठीत मिसळून. "मेरेकू कुछ सुधरा नहीं, हात उठ गया" असे ती म्हणते. कागदावर मात्र उमटते की सदर आरोपी महिलेने रागाच्या भरात जीवे मारण्याच्या उद्देशाने प्रहार केला. हा अनुवाद तिला दहा वर्षे आत ठेवू शकतो. मित्रहो, हा प्रश्न तर साहित्याचाच आहे: कोणाचे बोलणे कोणाच्या भाषेत लिहिले जाते? बोलीसाठी आपण संमेलनांत ठराव करतो. पोलीस ठाण्यातल्या बोलीसाठी कोण ठराव करणार?

आरोपी असली तरी ती पीडित असू शकते, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिला दार बंद करीत नाही, हे संरक्षण अधिकाऱ्याने तुरुंगात जाऊन तिला सांगावे. तिच्या वकिलाने तिला तारखेच्या आदल्या दिवशी तरी भेटावे. विशेष कक्षाची ताई जशी पोलीस ठाण्यात बसते तशी ती तालुक्याच्या कोर्टातही बसावी. सुटून आलेल्या बाईला आधारगृहाने 'केस मिटली का?' असे दारात विचारू नये. फुल्यांच्या घराने विचारले नव्हते.

आणि जामीन. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाच्या जामिनावर सुप्रीम कोर्टाच्या वतीने कडक शब्दांत लिहिले. तरी आजही सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचित असते. धरणग्रस्तांच्या घरांत तर पुरुषाच्या नावाची जमीनही पाण्याखाली गेलेली. वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे; तो वापरला जावा यासाठी गावागावांत पाच-दहा माणसांनी उभे राहून 'या बाईला आम्ही ओळखतो, ती तारखेला येईल' असे सांगण्याची तयारी ठेवावी. याला सरकारी खर्च येत नाही. फक्त बहिणीच्या सोयरिकीची भीती बाजूला ठेवावी लागते.

समीक्षेने शेवटी काय करावे? लेखकाला आम्ही एवढेच विनवू की पुढच्या वेळी तुमच्या कथेतली बाई विहिरीकडे निघाली तर तिला थांबवा. तिला मारू नका. तिच्या हातात बत्ता आला तर येऊ द्या, पोलीस आले तर येऊ द्या, आणि मग कथा तिथे संपवू नका. तारीख लिहा, जामीन लिहा, एसटीचा प्रवास लिहा, आतले मूल आणि बाहेरचे मूल लिहा, सुटल्यावर खोली शोधणे लिहा. वाचकाला रडून मोकळे होऊ देऊ नका. त्याला दारात उभा असलेला तिचा भाऊ दिसला पाहिजे.

आमच्या दारात तो उभा होता. तेव्हा आमच्याकडे सातबारा होता, आज लेखणी आहे. दोन्ही वस्तू दुसऱ्यासाठी हजर राहण्याच्याच आहेत, हे कळायला आम्हांला इतकी वर्षे लागली.